पालिका कार्यालय, मंडई, गाळे आणि नाट्यगृह एकाच जागेवर: काम कोणत्या क्रमाने करायचं

नवं पालिका संकुल उभं राहून पाच वर्षं झाली की बहुतेक गावांत सारखंच दृश्य दिसतं. रस्त्याकडचे गाळे भरलेले, मागचे बंद. पहिल्या मजल्यावरच्या शटरांना जाळी. तळघरात पावसाळ्यात पाणी आणि एरवी मोडक्या घंटागाड्या. स्वच्छतागृहाला कुलूप. आणि ज्यांच्यासाठी मंडई बांधली ते भाजीवाले समोरच्या रस्त्यावर.

यात बांधकाम वाईट असतंच असं नाही. क्रम चुकलेला असतो. पहिल्या बैठकीत पहिला प्रश्न येतो, "गाळे किती निघतील?" मग त्या आकड्याभोवती नकाशा बसवला जातो, आणि कोण किती वाजता येणार, गाडी कुठे लावणार, दिवे कोण बंद करणार हे प्रश्न उद्घाटनानंतर सुचतात. वेळापत्रक आधी आणि नकाशा नंतर, हे एकच धोरण पुढच्या सगळ्या टप्प्यांमागे आहे.

उदाहरणासाठी लाखाच्या आसपास वस्तीचं शहर धरलंय. गावाच्या मधोमध पालिकेची दोन-अडीच एकर जागा, तिच्यावर कार्यालय, भाजी मंडई, दुकानं आणि सहाशे खुर्च्यांचं नाट्यगृह.

## १. जागेचे कागद आणि जमिनीखालची माती

मिळकत पत्रिका, भूमी अभिलेखची ताजी मोजणी आणि विकास योजनेचा भाग नकाशा हे तीन कागद टेबलावर आल्याशिवाय आर्किटेक्टला बोलावू नका. जागा "आपलीच आहे" हे सगळ्यांना ठाऊक असतं. मोजणीत मात्र मागच्या घराची भिंत मीटरभर आत निघते.

आरक्षणाचे शब्द नीट वाचा. विकास योजनेत (डीपीत) "भाजी मंडई" लिहिलं असेल तर तिथे कार्यालय आणि नाट्यगृह कोणत्या अटींवर चालतं हे २०२० च्या एकीकृत विकास नियंत्रण नियमावलीत पाहा. बसत नसेल तर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन आणि नगररचना (एमआरटीपी) कायद्याच्या कलम ३७ खाली फेरबदलाचा प्रस्ताव करावा लागतो. त्याला वेळ लागतो, म्हणून तो पहिल्याच महिन्यात निघाला पाहिजे.

नदीकाठचं गाव असेल तर पूररेषा मागवा. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. २०१९ ला सांगली-कोल्हापूरने आणि जुलै २०२१ ला चिपळूण-महाडने जे पाहिलं त्यानंतर लाल रेषेच्या आत तळघराचा विचार करणं हा शुद्ध हट्ट आहे.

माती परीक्षण एकाच खड्ड्यावर उरकू नका. काळी माती एका कोपऱ्यात चार फूट आणि दुसऱ्या कोपऱ्यात बारा फूट निघते, आणि पायाचा खर्च तिथेच फुगतो.

तपासा: मोजणीची "क" प्रत, भाग नकाशा, पूररेषेचा दाखला आणि माती परीक्षणाचा अहवाल एका फायलीत आहेत का? नसतील तर पुढच्या टप्प्याला हात लावू नका.

## २. सात दिवस मोजा

सगळ्यात स्वस्त टप्पा हाच आणि सर्रास गाळला जातो तोही हाच. चार पोरं, चार वह्या, सलग सात दिवस. त्यात आठवडा बाजाराचा दिवस हवाच. सकाळी पाच ते रात्री दहा, दर तासाला नोंद: जुन्या कार्यालयात माणसं किती आली, कोणत्या खिडकीवर, मंडईत किती टेम्पो, किती हातगाड्या, रस्त्यावर किती विक्रेते बसले, दुचाकी किती, चारचाकी किती.

नुसते आकडे नकोत. एका माणसामागे चालून पाहा. एका गावात मी घरपट्टी भरायला आलेल्या एका मावशींच्या मागे अर्धा दिवस होतो. चलन एका खोलीत, पैसे दुसऱ्या खोलीत, शिक्का वरच्या मजल्यावर, आणि मधेच "झेरॉक्स आणा" म्हणून रस्ता ओलांडून पलीकडे. त्या दोनदा रस्ता ओलांडून आल्या, दुसऱ्यांदा उन्हात थांबून. नव्या नकाशात नागरी सुविधा केंद्राला लागून एक गाळा झेरॉक्स आणि स्टॅम्पसाठी राखायचा, हे कुठल्याही नियमावलीत सापडणार नाही. ते त्या मावशींच्या मागे चाललं की कळतं.

रस्त्यावरच्या विक्रेत्यांची मोजणी वेगळी ठेवा. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे नगर पथविक्रेता समिती आणि सर्वेक्षण लागतंच. त्या यादीतल्या विक्रेत्यांना विश्वासात न घेता बांधलेले ओटे रिकामे राहतात. भाजीवाली ओट्यावर का बसत नाही, हे तिलाच विचारा. गिऱ्हाईक आत येत नाही, ओटा उंच आहे, मागे माल ठेवायला जागा नाही, अशी सरळ उत्तरं मिळतात.

## ३. तासांचा तक्ता, त्यातून पार्किंग

आता एक कागद आडवा घ्या. वर तास लिहा, डावीकडे वापर. पहाटे पाच ते आठ मंडईचा माल. दहा ते सहा कार्यालय. अकरा ते नऊ दुकानं. नाट्यगृह बहुतेक संध्याकाळी, आणि डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या गॅदरिंगमुळे दुपारी. प्रत्येक चौकटीत किती चारचाकी उभ्या असतील तो आकडा भरा.

समजा आकडे असे आले. साध्या दिवशी दुपारी बारा वाजता कार्यालय ४०, दुकानं ३०, मंडई ५, एकूण ७५. संध्याकाळी सात वाजता कार्यालय ५, दुकानं ४५, मंडई २५, नाट्यगृह ७०, एकूण १४५. बाजाराच्या दिवशी दुपारी, त्यात गॅदरिंग आलं तर कार्यालय ४०, दुकानं ३०, मंडई ३५, नाट्यगृह ७०, एकूण १७५.

बरेच जण प्रत्येक वापराचा सर्वांत मोठा आकडा उचलून बेरीज करतात. इथे ती १९० होते. तेवढ्या गाड्या एका वेळी कधीच येणार नाहीत. पण १४५ वर थांबलात तर बाजाराच्या दिवशी चौक बंद पडणार. उपाय नकाशात नाही, ठरावात आहे: बाजाराच्या दिवशी नाट्यगृहाला दुपारचं बुकिंग द्यायचं नाही. ती एक ओळ ३० गाड्यांची जागा वाचवते. फिरायच्या वाटेसह एका चारचाकीला साधारण ३० चौरस मीटर धरले तर ते झाले ९०० चौरस मीटर.

सावध: नियमावलीप्रमाणे लागणारी पार्किंगची संख्या वेगळी काढा. ती तुमच्या तक्त्यापेक्षा जास्त आली तर तीच बंधनकारक. तक्ता पार्किंग कमी करण्यासाठी नाही, खरी गर्दी कधी आणि कुठे होणार हे कळण्यासाठी आहे.

दुचाकींची जागा तळघरात टाकू नका. पाव किलो मिरच्या घ्यायला आलेला माणूस रॅम्प उतरून गाडी लावत नाही, तो ती गाळ्यासमोर लावतो. दुचाकी जमिनीच्या पातळीवर, मंडईच्या दारापासून पन्नास पावलांत. चारचाकी खाली किंवा मागे गेली तरी चालते.

## ४. चालवणार कोण, पैसे कुठून

हा टप्पा नकाशाआधी संपवायचा. त्यासाठी तीन ठराव लागतात.

पहिला, जुन्या गाळेधारकांचा. पाडकामाआधी प्रत्येकाशी लेखी करार: तात्पुरती शेड कुठे, किती दिवस, नव्या इमारतीत कितवा गाळा, भाडं कसं ठरणार. "नंतर बघू" म्हणून काम सुरू केलं की एक गाळेधारक कोर्टात जातो आणि खोदलेल्या पायात दोन पावसाळे जातात.

दुसरा, नव्या गाळ्यांचा. नगरपरिषदेची मालमत्ता भाड्याने देताना १९६५ च्या अधिनियमाचं कलम ९२ लागू होतं, महानगरपालिकेत १९४९ च्या अधिनियमाचं कलम ७९. मुदत, लिलाव, मंजुरी हे सगळं तिथून येतं. गाळ्याची अनामत आणि प्रीमियम गोळा करून त्यावरच इमारत उभी करायचा बेत असेल तर मागचे आणि वरचे गाळे शून्य धरून हिशेब मांडा. तरीही जमला तरच पुढे जा.

वरच्या मजल्यावरच्या गाळ्यांबद्दल माझं मत पक्कं आहे: बांधू नका. मेन रोडवरचं गिऱ्हाईक जिना चढून साडी बघायला जात नाही. वर मोठे अखंड हॉल ठेवा. बँक, विमा कार्यालय, कोचिंग क्लास, सरकारी कार्यालयं यांच्याकडे माणूस ठरवून येतो, तो वर चढतो. हॉलचे नंतर गाळे करता येतात. गाळ्यांमधल्या भिंती पाडून हॉल करायचा तर सगळे भाडेकरू उठवावे लागतात.

तिसरा ठराव देखभालीचा. झाडलोट, लिफ्टची वार्षिक देखभाल, पंप, पहारेकरी, स्वच्छतागृह यांचा वर्षाचा खर्च लिहा आणि गाळ्यांच्या भाड्यातून ठरावीक हिस्सा वेगळ्या खात्यात जाईल असं मंजूर करून घ्या. भाडं सामान्य निधीत विरघळलं की लिफ्ट बंद पडते ती पडतेच.

तपासा: तिन्ही ठराव सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्तात आले का? तोंडी होकार पुढच्या निवडणुकीपर्यंतच टिकतो.

## ५. ठोकळे मांडा, मग कॉलम

आता आर्किटेक्ट. पहिल्या दिवशी दर्शनी भागाचं रंगीत चित्र मागू नका. खोकी मागा: पुठ्ठ्याची चार खोकी, प्रत्येक वापराचं एक. ती जागेवर फिरवत बसा.

नाट्यगृह जमिनीवरच हवं. त्याला मधे कॉलम चालत नाहीत, म्हणून त्याच्या डोक्यावर मजले आणि पायाखाली मंडई घेऊ नका. वर नेलेलं नाट्यगृह नाटकवाल्यांना विचारा; सेट जिन्यावरून चढवताना ते काय बोलतात ते इथे छापण्यासारखं नाही. मागच्या बाजूला ट्रक थेट रंगमंचाला लागेल असा धक्का ठेवा, ट्रकच्या हौद्याच्या उंचीचा.

कार्यालय आणि दुकानांचा भाग एका सांगाड्यात बसतो, पण कॉलमचं अंतर खालून ठरवा. चारचाकीची जागा अडीच बाय पाच मीटर. तीन गाड्या साडेसात मीटर, त्यात कॉलमची जाडी धरून साधारण ८.१ मीटर. त्याच अंतरात वर २.७ मीटरचे तीन गाळे बरोबर येतात. उलट वरून तीन मीटरचे गाळे पाडून कॉलम खाली सोडले की दोन कॉलममध्ये एकच गाडी बसते आणि उरलेली फूट-दीड फूट जागा कायमची वाया. अशी तळघरं मी कितीतरी पाहिली आहेत.

इमारत ४५ मीटरपेक्षा लांब झाली की काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे (आयएस ४५६) साधारणपणे विस्तार सांधा, म्हणजे काँक्रीट फुगायला-आकसायला सोडलेली फट, द्यावा लागतो. तो सांधा रेकॉर्ड रूम किंवा सभागृहावरून जाऊ देऊ नका. गळती तिथूनच सुरू होते.

चार वापर, चार दारं. मंडईचा ओला कचरा कार्यालयाच्या व्हरांड्यातून जाता कामा नये. कार्यालय सहाला बंद झालं तरी नाट्यगृह आणि दुकानं चालू राहिली पाहिजेत, म्हणून जिने आणि लिफ्ट वेगळ्या.

समोर मोकळं पटांगण ठेवाच. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी आणि १ मे चं ध्वजवंदन तिथे होईल. पाणी आलं नाही म्हणून हंडा मोर्चाही तिथेच येईल. मोर्चाला उभं राहायला जागा नसेल तर तो रस्त्यावर थांबतो आणि पोलीस तुमच्या नावाने बोटं मोडतात. गणपतीची मिरवणूक दारावरून जात असेल तर कमानीची आणि विजेच्या तारांची उंचीही आत्ताच बघून घ्या.

## ६. आतली मांडणी

कार्यालय. घरपट्टी, पाणीपट्टी, जन्म-मृत्यू दाखले, विवाह नोंदणी तळमजल्यावर, एका दालनात. नगराध्यक्ष आणि मुख्याधिकाऱ्यांची दालनं वर. बहुतेक जुन्या इमारतींत हे उलटं असतं. सभागृहात नागरिकांना बसायची गॅलरी आणि तिला वेगळं दार.

दारातला रॅम्प १:१२ पेक्षा चढा नको. जोतं ६० सेंटिमीटर असेल तर रॅम्प ७.२ मीटर लांब होतो आणि वर-खाली सपाट जागा वेगळी लागते. एवढी लांबी आधी धरली नाही की शेवटी घसरगुंडी बांधली जाते.

रेकॉर्ड रूम. इथे अभियंतेही चुकतात. साध्या कार्यालयाची स्लॅब चौरस मीटरला सुमारे २५० किलो भार धरून करतात; फायलींच्या खोलीला त्याच्या दुप्पट, दाट कपाटं असतील तर आणखी जास्त. "ती कोपऱ्यातली खोली रेकॉर्डला देऊ" असं नंतर ठरवलं की स्लॅब वाकते. खोलीला अग्निरोधक दार, आणि शेजारी स्वयंपाक, वायरिंगची शाफ्ट किंवा एसीची यंत्रं नकोत. २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली तेव्हा किती फायलींची राख झाली ते राज्याने पाहिलंय.

मंडई. भिंती कमी, छत उंच, वारा आरपार. ओटा गुडघ्याच्या उंचीचा, खाली माल ठेवायला पोकळी. फरशीला मीटरमागे एक सेंटिमीटर तरी उतार, जाळीचं गटार, आणि गटारात कोथिंबिरीच्या काड्या अडवायला टोपली. मासळी आणि मटणाचा भाग वेगळ्या छताखाली, वेगळ्या सांडपाण्याच्या वाटेसह.

इथे माझीच एक चूक सांगतो. एका गावात मंडईचा माल तळघरातून वर आणायची सोय मी केली होती आणि दाराची उंची गाडी बघून ठरवली, भरलेला टेम्पो बघून नाही. पहिल्याच पहाटे फ्लॉवरच्या क्रेटांनी भरलेला टेम्पो बीमला टेकला. हमालांनी वरच्या दोन थरांचे क्रेट उतरवले, टेम्पो आत घेतला, पुन्हा चढवले. तिसऱ्या दिवसापासून सगळे टेम्पो रस्त्यावरच रिकामे होऊ लागले आणि ती वाट आजही बंद आहे. तेव्हापासून भरलेला टेम्पो टेपने मोजल्याशिवाय मी उंची लिहीत नाही.

स्वच्छतागृह. दार बाहेरच्या बाजूला, मंडईच्या वाटेवर. आत दडवलं की ते आधी कर्मचाऱ्यांचं होतं, मग कुलपाचं. महिलांसाठी जागा पुरुषांपेक्षा कमी ठेवू नका. भाजी विकणाऱ्या बायका दहा-बारा तास तिथे असतात. एकही स्वच्छतागृह गाळ्याच्या किंवा विजेच्या पॅनेलच्या डोक्यावर येता कामा नये. शेजारी देखभाल करणाऱ्याची छोटी खोली काढा.

## ७. आग आणि वीज

१५ मीटर किंवा त्याहून उंच इमारत राष्ट्रीय इमारत संहितेत उंच इमारत ठरते आणि अटी कडक होतात. गावात अग्निशमन दलाकडे उंच शिडीच नसेल तर १५ मीटरच्या आत राहणं शहाणपणाचं. बंब इमारतीच्या किती बाजूंनी फिरतो हे कागदावर न बघता गाडी मागवून बघा. नाट्यगृहाचे पडदे, लाकडी रंगमंच, जुनं वायरिंग हे कसं पेटतं ते ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापुरात केशवराव भोसले नाट्यगृहाने दाखवलं.

ट्रान्सफॉर्मर, जनरेटर, मुख्य पॅनेल तळघरात नको. महावितरणची मीटरं वापराप्रमाणे वेगळी. दुकानदाराचा एसी पालिकेच्या मीटरवर चालू राहिला की कुणी शोधायला जात नाही.

## ८. मंजुऱ्या आणि निविदा

क्रम असा: नकाशा गोठवा, मग सविस्तर अंदाजपत्रक, मग तांत्रिक आणि प्रशासकीय मान्यता, मग निविदा. प्रत्यक्षात निधीची तारीख जवळ आली की अर्ध्या नकाशावर ढोबळ अंदाजपत्रक जातं आणि उरलेलं "जादा बाब" म्हणून वाढत राहतं.

निधी टप्प्याटप्प्याने येणार असेल तर टप्पे मजल्यांचे पाडू नका, वापराचे पाडा. पूर्ण झालेली मंडई चालू होते. चार मजल्यांचा सांगाडा नुसताच उभा राहतो आणि त्याच्या सळया गंजतात.

सावध: अंदाजपत्रकात वॉटरप्रूफिंग, पार्किंगचे पट्टे, दिशादर्शक पाट्या आणि नाट्यगृहाचं ध्वनिनियोजन स्वतंत्र ओळींत आहे का ते पाहा. पैसे कमी पडले की याच चार गोष्टींना कात्री लागते.

## ९. ताबा

परवानगी देणारी पालिका आणि बांधणारीही पालिका, त्यामुळे स्वतःच्या इमारतीचं भोगवटा प्रमाणपत्र घ्यायचं पालिकाच विसरते. फीत कापायच्या आधी घ्या. अग्निसुरक्षेचं ब प्रमाणपत्र, म्हणजे आग विझवायची यंत्रणा चालू असल्याचा दाखला, त्यानंतर दर जानेवारी आणि जुलैला लागतं. त्याची जबाबदारी नावानिशी एका कर्मचाऱ्यावर टाका.

कंत्राटदाराकडून प्रत्यक्ष बांधल्याप्रमाणे नकाशे घ्या, विशेषतः पाण्याचे आणि विजेचे, छापील दोन प्रती. शेवटचं बिल त्यांच्याशी बांधा. दोष दायित्वाच्या मुदतीत (निघालेले दोष कंत्राटदाराने दुरुस्त करायचा काळ) दोन पावसाळे येतील असं बघा. पहिल्या पावसात गच्ची गळते, ती दुरुस्त करतात. सांधा दुसऱ्या पावसात गळतो.

मंडईचं स्थलांतर एकाच रात्रीत करा, आठवडा बाजाराच्या दुसऱ्या दिवशी, माल कमी असताना. ओट्यांची सोडत आधी, सगळ्यांसमोर, चिठ्ठ्या टाकून. पहिले पंधरा दिवस जुन्या जागी एकही गाडी बसू द्यायची नाही, आणि त्यासाठी पहाटे पाचला तिथे हजर राहील असा माणूस आजच नेमून ठेवा. गिऱ्हाईक जुन्या जागी एक दिवस जरी सापडलं तरी भाजीवाला ओटा सोडून तिकडे जातो.